प्रकाश आणि आसरा : मिलिंदाचा प्रश्न आणि आमचा प्रश्न

१

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नागसेनवनात शिकून गेलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘मिलिंद’ हे नाव इतके रुळले आहे की, हे नाव मुळात एका ग्रीक राजाचे आहे याचा सहसा विसर पडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालय ‘मिलिंद’ झाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा हा राजा ग्रीकांमध्ये मिनँडर म्हणून ओळखला जाई. भिक्खू नागसेनाला त्याने विचारलेले प्रश्न आणि नागसेनाने दिलेली उत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. नावे देताना बाबासाहेबांनी एक बाजू प्रश्न विचारणाऱ्याची आणि दुसरी उत्तर देणाऱ्याची अशी दोन्ही माणसे एकाच आवारात आणून बसवली. राजाने विचारायचे आणि भिक्खूने न भिता उत्तर द्यायचे, असे हे नाते आहे.

त्या संवादात दिव्याचा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जात नसेल तर पुनर्जन्म कसा, असा राजाचा प्रश्न आहे. नागसेन त्यालाच उलट विचारतो : एका दिव्याने दुसरा दिवा लावला, तर पहिल्या दिव्यातले काही उठून दुसऱ्यात गेले काय? राजाला नाही म्हणावे लागते. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच आहे की वेगळी, हाही त्याच संवादातला प्रश्न. ज्ञान हे कुणाच्या पोटातून वारशाने येत नाही; ते एका वातीने दुसरी वात पेटावी तसे पेटते, असा अर्थ आपण यातून घेतला तर तो ओढून ताणून घेतलेला ठरणार नाही. जन्मावरून ज्ञानाचा अधिकार ठरवणाऱ्या व्यवस्थेला याहून सरळ उत्तर कोणते?

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून गेली पंच्याहत्तर वर्षे युरोपीय साहित्य शिकवले जात आहे. त्या साहित्यात प्रकाश आणि आसरा या दोन कल्पना सर्वत्र पसरलेल्या आहेत. आमचे विद्यार्थी त्या वाचतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण गावकुसाबाहेरून आलेल्या वाचकाने या कल्पना जशाच्या तशा उचलाव्यात काय? त्याच्या पिढ्यांनी दिवा कुठून पाहिला आणि आसरा कुणाचा घेतला? हा प्रश्न इतिहासाचा आहे, केवळ अलंकाराचा नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

२

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील गुहेपासून सुरुवात करावी लागते. गुहेत जखडलेली माणसे भिंतीवरच्या सावल्यांनाच सत्य मानतात. त्यांतला एक सुटतो, बाहेर पडतो, सूर्य पाहतो. परत येऊन तो इतरांना सांगू लागला तर ते त्याला जिवे मारू पाहतील, असेही प्लेटो सुचवतो. येथे गुहा म्हणजे अज्ञान आणि बाहेर म्हणजे प्रकाश. दांते हा कवी १३०२ साली फ्लॉरेन्समधून हद्दपार झाला. उरलेले आयुष्य परक्या आश्रयदात्यांच्या घरी काढून १३२१ साली रॅव्हेन्ना येथे वारला. त्याच्या महाकाव्याचे तिन्ही भाग ‘तारे’ या एकाच शब्दावर संपतात. ज्याचे गाव गेले त्याने आकाशातल्या प्रकाशावर ग्रंथ संपवावा, यात नवल नाही.

व्हिक्टर ह्यूगोने हा विषय माणसांच्या वस्तीत आणला. १८३१ च्या ‘नोत्र दाम’ कादंबरीत फाशीच्या तोंडातून एस्मेराल्डाला उचलून क्वाझिमोडो चर्चमध्ये नेतो. चर्चच्या उंबऱ्याच्या आत गुन्हेगाराला हात लावायचा नाही, हा युरोपातला जुना अभयाचा रिवाज होता. पण ह्यूगो त्याचा कमकुवतपणाही दाखवतो : हे अभय उंबऱ्यापुरते आहे आणि वरिष्ठ सत्तेने ठरवले तर ते काढून घेता येते. कादंबरीत नेमके तसेच घडते. १८६२ च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये तुरुंगातून सुटलेला जाँ वालजाँ रात्रीच्या निवाऱ्यासाठी दारोदार फिरतो. त्याच्याजवळच्या पिवळ्या परवान्यामुळे खाणावळवाले त्याला हाकलतात. कुत्र्याच्या खोपटातूनही त्याला बाहेर पडावे लागते. शेवटी एका बिशपचे कुलूप नसलेले दार उघडते. त्या घरातले चांदीचे दोन दीपदान पुढे आयुष्यभर त्याच्याजवळ राहतात आणि मरणाच्या वेळी त्यांतल्या मेणबत्त्या त्याच्या उशाशी जळत असतात. आसरा आणि प्रकाश एकाच हातून मिळाल्याचे युरोपीय कादंबरीतले हे सर्वात ठळक चित्र आहे.

विसाव्या शतकात हे चित्र काळवंडले. प्रागचा ज्यू लेखक काफ्का याची ‘कायद्यापुढे’ ही लहानशी कथा १९१५ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातून आलेला माणूस कायद्याच्या उघड्या दाराशी येतो. द्वारपाल त्याला आत सोडत नाही आणि हाकलूनही देत नाही. तो जन्मभर बसून राहतो. दृष्टी मंदावते तेव्हा त्याला दारातून येणारा प्रकाश दिसू लागतो. आणि तेव्हाच ते दार बंद होते. पुढे हिटलरच्या राजवटीत अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅन फ्रँकचे कुटुंब ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत एका इमारतीच्या मागल्या भागात लपून राहिले. तिची रोजनिशी १९४७ साली छापली गेली, पण ती स्वतः १९४५ मध्येच छळछावणीत मेली होती. त्या घरात पडदे लावून बसावे लागे. प्रकाश बाहेर दिसला तर आसरा जाईल, अशी ती अवस्था होती. ज्या युरोपने ज्ञानप्रकाशाचे युग म्हणून स्वतःच्या अठराव्या शतकाला मान दिला, त्याच युरोपात एका मुलीला खिडकीपासून दूर राहून जगावे लागले.

या सर्व लेखकांत एक गोष्ट समान आहे. अंधार बाहेर आहे, दिवा आत आहे आणि माणूस आत जाऊ पाहतो, किंवा आत असलेला माणूस बाहेर ओढला जातो. पण आत जाण्याचा त्याचा हक्क एरवी कुणी नाकारलेला नाही. वालजाँ दुसरे नाव घेतो आणि नगराचा महापौर होतो. जातीचा परवाना कागदावर नसतो. तो फाडायचा कसा?

३

आमच्याकडे आसऱ्याचे पहिले चित्र म्हणजे गावकूस. दरोडेखोर, लुटारू फौजा आणि हिंस्र जनावरे यांपासून गावाचे रक्षण व्हावे म्हणून ते बांधले. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती त्यांची घरे मात्र त्याच्या बाहेर राहिली. रात्री गावाची वेस बंद करणारा आणि तिची राखण करणारा वेसकर हा महारच असे. काफ्काचा द्वारपाल दुसऱ्याला आत जाऊ देत नाही. आमचा द्वारपाल दुसऱ्यांना आत घेऊन दार लावतो आणि त्याचे स्वतःचे घर दाराबाहेरच राहते! हे काफ्कालाही सुचले नव्हते; ते येथल्या व्यवस्थेला सुचले, आणि तिने त्याला वतन हे भारदस्त नाव दिले.

चौदाव्या शतकातल्या चोखोबांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. देवळात जाण्याच्या आरोपावरून त्यांना पंढरपुरातून घालवून दिले, तेव्हा त्यांनी चंद्रभागेपलीकडे वस्ती केली आणि तेथे दीपमाळ उभारली, असे परंपरा सांगते. देवाच्या गाभाऱ्यातला दिवा मिळत नाही, तर नदीच्या या काठावर आपला दिवा लावू, असा त्याचा अर्थ होतो. भक्तिसंप्रदायाने त्या दीपमाळेकडे निष्ठेची खूण म्हणून पाहिले; आपण ती पहिल्या स्वतंत्र दिव्याची खूण म्हणून पाहावी. आणि चोखोबांचा अंत कसा झाला? मंगळवेढ्याला वेठीने गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि १३३८ साली त्याखाली ते इतर मजुरांसह गाडले गेले. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा अधिकार नाही, तीच भिंत बांधता बांधता मरायचे! पुढे त्यांची समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वाराशी, पायरीजवळ. मृत्यूनंतरसुद्धा दारापाशीच. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रहींच्या मागे सहा शतकांचे हे दार उभे होते. तो लढा १९३५ पर्यंत रखडला. दार उघडले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी दाराकडे पाठ फिरवून दुसरा रस्ता धरला.

४

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींत या दोन्ही कल्पना ज्या रीतीने एकत्र आल्या आहेत, तशा त्या मराठी ललित साहित्यातही क्वचित आल्या असतील. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या इंग्रजी लेखनात बडोद्याची हकीकत आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले, तेव्हा उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावरच्या त्या मोठ्या दालनात अडगळ भरलेली होती. विजेचा दिवा नव्हता, तेलाचाही नव्हता. रखवालदार संध्याकाळी एक छोटा कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. तेथे ते पुस्तके वाचीत बसत आणि आपण अंधारकोठडीत आहोत असे त्यांना वाटे. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी बाबासाहेबांना बाहेर काढले. ज्या मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, त्यांतला एक हिंदू होता आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

वालजाँच्या हकीकतीशेजारी ही हकीकत ठेवून पाहावी. दोघेही रात्रीच्या आसऱ्यासाठी दारे ठोठावतात. दोघांनाही नाव लपवावे लागते. पण वालजाँला बिशप भेटला. बडोद्यात बिशप नव्हता. येथे जगातल्या उत्तम विद्यापीठांचा प्रकाश डोक्यात घेऊन आलेला माणूस काही इंचांच्या उजेडात बसला होता. ज्ञान मिळाले म्हणजे आसरा आपोआप मिळतो, या समजुतीचा तेथे कायमचा निकाल लागला. बाबूराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायक नोकरीच्या गावी जात लपवून राहतो आणि उघडकीला येताच मार खातो. त्या कथेची जन्मभूमी हीच आहे.

दुसरी हकीकत आमच्याच जिल्ह्यातली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराशी हौदावर प्रवासाची धूळ धुतली म्हणून एका वृद्ध मुसलमानाने आरडाओरड केली आणि जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर. सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. बडोद्यात पारशी, दौलताबादेत मुसलमान, इतरत्र हिंदू : अस्पृश्यता ही एका धर्माच्या उंबऱ्यापाशी थांबत नाही, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी या आठवणी लिहिल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी याच जिल्ह्यात त्यांनी महाविद्यालय काढले. निजामी राजवट १९४८ साली संपली होती आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नाममात्र होती. जागेची निवड करताना दौलताबादचा हौद त्यांना आठवला असेल की नाही, हे कुणी सांगू नये. पण आपल्याला तो आठवला पाहिजे.

५

महाराष्ट्राच्या समाजक्रांतीच्या इतिहासात प्रकाश आणि आसरा यांची सांगड कवींनी घातली नाही. ती संस्थांनी घातली. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यासाठी पुढल्याच वर्षी त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. दिवा लावणाऱ्याचाच आसरा गेला! म्हणूनच कदाचित त्यांना पुढचे कळले. १८६३ साली त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. शाळा आणि निवारा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्यांच्या घराने सिद्ध केले.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभारली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ साली निघाले. खेड्यातल्या मुलाला शाळा फुकट असून भागत नाही, शहरात त्याला कुणी घरात घेणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिचे पहिले वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात उघडले. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे पाण्याच्या लढ्याच्या आधी झोपायची जागा, जेवणाचे ताट आणि अभ्यासाचा दिवा यांची व्यवस्था झाली होती. आंदोलनाचा इतिहास लिहिताना आपण मोर्चे मोजतो. वसतिगृहांतल्या खाटा मोजत नाही. त्या मोजल्या पाहिजेत.

नागसेनवन हा या परंपरेचा सर्वात मोठा टप्पा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून ट्रंक घेऊन आलेली मुले यांनी ते आवार भरले. ज्यांच्या घरी चिमणीच्या धुरात पुस्तक धरावे लागे, त्यांना येथे रात्रभर पुरणारा उजेड मिळाला. ज्यांना गावात वळचणीला उभे राहावे लागे, त्यांना स्वतःची खाट मिळाली. दलित साहित्याचा विचार याच परिसरात रुजला, प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघाले, हा योगायोग नव्हे. माणसाला लिहायला प्रतिभा लागते हे खरेच, पण त्याआधी रात्री बाहेर काढले जाणार नाही अशी जागा लागते.

६

त्या प्रकाशाची किंमत १९७८ साली वसूल केली गेली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली. माणसे शेतांत, रानांत आणि शहरातल्या नातेवाइकांकडे आसऱ्याला पळाली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांचा बळी घेतला गेला. नाव एका विद्यापीठाचे आणि आगी लागल्या त्या विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या झोपड्यांना! याचे कारण उघड आहे. वतनाची कामे नाकारणारी, गायरान कसणारी आणि मुलांना शिकायला पाठवणारी वस्ती गावाच्या डोळ्यांत आधीपासून सलत होती. नामांतर हे निमित्त झाले. त्या रात्री उजेड होता. तो जळत्या घरांचा होता. प्रकाश ही नेहमीच मंगल गोष्ट असते, असे युरोपीय वा भारतीय साहित्यशास्त्राने कितीही सांगितले तरी ज्यांनी तो उजेड पाहिला त्यांना ते पटणार नाही.

दलित कवितेने ही दोन्ही प्रतीके तपासून घेतली आहेत. दया पवारांनी १९७४ च्या आपल्या संग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले. कोंडवाड्यालाही भिंती असतात, छप्पर असते, दाणावैरण मिळते. पण तो आसरा नव्हे. वामन निंबाळकरांनी १९७३ साली ‘गावकुसाबाहेरील कविता’ असे नाव देऊन आपल्या कवितेचा पत्ताच लिहिला. अर्जुन डांगळे यांच्या १९७७ च्या संग्रहाचे नाव ‘छावणी हलते आहे’. छावणी हा निवारा खरा, पण युद्धावर निघालेल्यांचा. यशवंत मनोहरांच्या ‘उत्थानगुंफा’तही, त्याच वर्षी, नावातच गुहा आहे. प्लेटोच्या गुहेत माणूस जखडलेला होता. या नावातल्या गुहेतून माणूस उठतो.

हा फरक समजण्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही. विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, एका जागी राहून अभ्यास करावा, या वर्षावासाच्या नियमातून विहारांची परंपरा वाढली. म्हणजे येथली गुंफा ही अज्ञानाची जागा नव्हे. ती एकाच वेळी निवारा आणि शाळा आहे. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचा एक शिल्पपट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत : आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि राक्षस. ही आठ महाभये. मध्ययुगाच्या आरंभी कुणा शिल्पकाराने कोरलेल्या या यादीत पहिली तीन आग, तलवार आणि बेड्या आहेत. १९७८ साली त्या डोंगराच्या पायथ्यापासून गावोगाव हीच तीन भये माणसांच्या मागे लागली होती. दगडातला अवलोकितेश्वर कुणाला वाचवायला खाली आला नाही. तो येणार नाही, हे बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते.

७

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आतापर्यंत आपण घर हा आसरा धरून चाललो. स्त्रीच्या दृष्टीने ते खरे आहे काय? इब्सेनच्या १८७९ च्या ‘डॉल्स हाउस’मधली नोरा नाताळच्या सजवलेल्या झाडाचे घर सोडून जाते, कारण तेथे उजेड आहे पण ती माणूस नाही. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली स्त्रीला लिहायला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड लागतात, असा हिशेबच मांडला. आमच्या बेबीताई कांबळे यांच्याकडे खोली नव्हती आणि पौंडही नव्हते. फलटणला छोटे दुकान चालवता चालवता त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि वर्षानुवर्षे ते घरातल्यांपासून लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तक झाले. महारवाड्याच्या आतल्या घरांत सुनांनी काय सोसले हे त्यात त्यांनी बेधडक सांगितले आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही आणखी एक कूस होते, आणि त्याच्या आत स्त्री कोंडलेली होती. ज्या पुरुष लेखकांनी गावाचा कोंडवाडा दाखवला, त्यांतल्या फार थोड्यांनी हा कोंडवाडा दाखवला. लपवून ठेवलेली ती वही म्हणजेच बेबीताईंची खोली होती.

८

नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला. १९७९ चा लाँग मार्च, कारावास, आत्मदहने, हा इतिहास परिचित आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. पण नावाने आसरा मिळतो असे समजून बसलो तर बडोद्याचा धडा आपण शिकलोच नाही असे होईल. डिसेंबर २०१५ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याचे चार सहकारी यांना वसतिगृहातून काढण्यात आले. त्यांनी आवारातच उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला ‘वेलिवाडा’ हे नाव दिले. तेलुगूत त्याचा अर्थ गावाबाहेरची दलित वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहितने आत्महत्या केली. कार्ल सेगनसारखे ताऱ्यांविषयी, विज्ञानाविषयी लिहावे, अशी त्याची इच्छा होती. ज्ञानाच्या घरात त्याला प्रवेश होता, मुक्काम नव्हता. वेसकराची हीच तर अवस्था होती!

म्हणून आज वसतिगृहाचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न आहे असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्रात वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून रोख मदत देण्याची तरतूद झाली, ती योग्यच आहे. परंतु पैसे हातात घेऊन खोली शोधायला निघालेल्या मुलाला घरमालक आडनाव विचारतो, तेव्हा तो थेट १९१७ च्या बडोद्यात जाऊन पोहोचतो. पैशाने भाडे देता येते, उंबरा उघडत नाही. भिंती, खाट, ग्रंथालय आणि बरोबरीचे सोबती असलेले वसतिगृह याला रोख रकमेचा पर्याय नाही. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही मागणी फुले-शाहू-आंबेडकरांच्या परंपरेतली पहिली मागणी म्हणून मांडली पाहिजे.

शेवटी पुन्हा पालीकडे वळू. ‘दीप’ या पाली शब्दाचे दोन अर्थ होतात : दिवा आणि बेट. पुरात सर्व बुडत असता पाय टेकायला मिळणारी जमीन तीही दीप, आणि अंधारात लावतो तोही दीप. आयुष्याच्या शेवटच्या वर्षावासात, वैशालीजवळच्या एका गावी, आजारातून उठलेल्या बुद्धाने आनंदाला जो उपदेश केला, त्यात आपणच आपला दीप व्हावे आणि आपणच आपले शरण व्हावे, असे सांगितले आहे. पंडितांत वाद आहे की येथे दिवा घ्यायचा की बेट. आपण दोन्ही घ्यावेत. प्रकाश आणि आसरा हे एकाच शब्दात बसलेले आहेत. मराठीत मात्र ‘शरण’ या शब्दाला मान खाली घालण्याचा, हार पत्करण्याचा वास आला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण घेतले आणि लाखोंना दिले, तेव्हा त्यांनी या शब्दाचीही सुटका केली. तेथे माणसे कुणापुढे शरण गेली नाहीत. त्यांनी आसरा निवडला. निवडलेला आसरा आणि दिलेला आसरा यांत सर्व फरक आहे. एस्मेराल्डाला दिलेले अभय काढून घेता आले, कारण ते दिलेले होते.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी खेड्यापाड्यांतून हजारो माणसे येतात. त्यांतली कितीतरी त्या दारातून शिकायला कधी आत गेलेली नसतात. म्हाताऱ्या बाया नातवंडांना कडेवर घेऊन कमानीकडे बोट दाखवतात. दारापाशी उभे राहण्याची या समाजाला सहाशे वर्षांची सवय आहे. पण हे दार त्यांनी स्वतः रक्त देऊन मिळवले आहे. ते नातवंड उद्या आत जाईल, तेव्हा रात्री त्याला कुठे झोपायचे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला तयार ठेवायचे आहे. मिलिंदाने नागसेनाला जितक्या निर्भयपणे प्रश्न विचारले, तितक्या निर्भयपणे ते नातवंडही एक दिवस आपल्याला विचारील : दिवा तुम्ही दिलात, पण तो ठेवू कुठे?